दोन कॅमेरा बॉड्या, चार लेन्स आणि मान एकच... कसं सांभाळता?

दिवसभराचे कार्यक्रम एकट्याने शूट करणाऱ्यांना विचारायचंय. माझ्याकडे कॅननची ५डी मार्क ४ आणि ६डी मार्क २, एकीवर ७०-२०० मिमी एफ २.८ झूम, दुसरीवर २४-७० एफ २.८, शिवाय ८५ एफ १.८ आणि अगदी जवळून काढायची १०० मॅक्रो. नुसत्या दोन बॉड्या आणि दोन झूम धरले तरी चार किलोच्या घरात जातं, फ्लॅश न बॅटऱ्या वेगळ्याच.

आत्तापर्यंत कॅमेऱ्यासोबत आलेले पट्टेच गळ्यात घालून भागवलं, पण दोन पट्ट्यांना पीळ पडतो, कॅमेरे एकमेकांवर आपटतात आणि रात्री मान अशी धरते की विचारू नका. मग सॅक घेतली. वजन छान पेललं जातं, पण लेन्स बदलायची म्हणजे सॅक उतरवा, चेन उघडा, शोधा, तोवर ज्याच्यासाठी एवढं केलं ते होऊन गेलेलं असतं. मागच्या वेळी तर घाईत मागचं झाकण न लावताच लेन्स आत टाकली, काच वाचली हे नशीब.

आता दोन्ही खांद्यांवरचं हार्नेस घ्यावं की कमरपट्टा आणि पाउच, यात अडकलेय. हार्नेसमध्ये कॅमेरा ट्रायपॉडच्या भोकातल्या त्या १/४ इंची स्क्रूवर लटकतो ना, तो चालून चालून सैल झाला तर? आणि खाली वाकल्यावर दोन्ही कॅमेरे पुढे झोकांडत नाहीत का?

मिररलेस (आत आरसा नसलेला हलका कॅमेरा) घे असं कृपया सांगू नका, एफ २.८ चे झूम तिकडेही काही पिसासारखे नसतात.

प्रतिसाद १: हार्नेसच घ्या. ७०-२०० मात्र बॉडीच्या तळाला नाही, लेन्सच्या फूटला (लेन्सखालच्या ट्रायपॉडच्या पायाला) अडकवा, म्हणजे माउंटवर, लेन्स-बॉडीच्या जोडावर, ताण येत नाही. २४-७० ला फूट नाही, तिथे बॉडीच. स्क्रूखाली रबरी वॉशर हवा, अधूनमधून बोटाने चाचपायचं, आणि बॉडीच्या पट्ट्याच्या कडीतून एक जादा दोरी हुकला बांधायची, स्क्रू निसटला तरी कॅमेरा खाली जात नाही. वाकताना झोकांडतात हे खरंय, मी कंबरेत न वाकता गुडघ्यावर बसतो. मॅक्रो कमरेच्या पाउचमध्ये. ८५ कशाला नेता? ७०-२०० मध्ये ती फोकल लेंथ आहेच, ८५ वर अंधारात एक-सव्वा स्टॉप, म्हणजे दुपटीहून थोडा जास्त उजेड मिळतो एवढंच.

धागाकर्ती: फूटचं डोक्यातच आलं नव्हतं! ८५ वर जीव आहे हो, पण बघते. आडवा-उभा पटकन करता यावा म्हणून मी फूटची कॉलर (लेन्सभोवतीचं कडं) सैलच ठेवते, ती घट्ट करावी लागेल का?

प्रतिसाद १: लटकवून चालताना घट्टच. फ्रेम धरली की सैल करा, एका बोटाचं काम आहे.