कण्याच्या दुखापतीनंतर भावाला काय आणि किती खायला द्यावं?

धाकटी_बहीण
भावाला टी१० ला, म्हणजे छातीच्या भागातल्या दहाव्या मणक्याला, दुखापत झाली. ऑपरेशन होऊन आता घरी आलाय. 'ताकद भरून यायला हवी' म्हणत आई सारखं काहीतरी भरवत असते. पोट सुटत चाललंय, मांड्या मात्र वाळतायत. संडासला साफ व्हावं म्हणून कोंडा सुरू केला, तर पोट उलट फुगतं. त्यात माकडहाडाशी लाल डाग दिसतोय. खाण्यात काय बदलू?

चाकावरचा
मी टी६, व्हीलचेअरवर बरीच वर्षं झाली. खाण्याचं नंतर, आधी तो डाग बघा. बोटाने दाबल्यावर लाली जात नसेल, तर ती बेडसोरची, म्हणजे एकाच जागी दाब राहून होणाऱ्या जखमेची, सुरुवात समजा. सावळ्या कातडीवर रंग फसवतो, म्हणून जागा गरम किंवा कडक लागते का तेही चाचपा. तिथला भार काढा आणि आजच डॉक्टरांना दाखवा.

आता आई. कमरेखालचे स्नायू थंडावले की शरीराचा खर्चच घटतो. पॅराप्लेजियात (दोन्ही पाय लुळे पडतात तेव्हा) दिवसाला किलोमागे साधारण २८ कॅलरी धरतात, मानेच्या दुखापतीत २३च्या आसपास. गोड-तळकट कमी करा, पण अंडी, दूध, कडधान्यं कापू नका. एरवी किलोमागे ०.८ ते १ ग्रॅम प्रोटीन पुरतं. जखम असेल तर सव्वा ते दीड ग्रॅम लागतं. किडनीचा त्रास असेल तर विचारूनच. खाऊन नस जुळत नाही, हे आईंना कोणीतरी हळूच सांगा. जखम भरायला मात्र खाणंच लागतं.

कोंडा बंद! आपलं आतडं आधीच संथ असतं, वर आणखी चोथा कशाला? दिवसाला १५ ग्रॅम फायबरपासून हळूहळू वाढवा.

आहारतज्ज्ञ_ताई
सहमत. संडासची वेळ रोज एकच ठेवा, त्याआधी अर्धा तास काहीतरी खायला किंवा गरम प्यायला द्या. पोटात अन्न पडलं की मोठं आतडं हलतं.

धाकटी_बहीण
डाग दाखवला, कुशीवरच ठेवायला सांगितलंय. पण कॅथेटर (लघवी काढायची नळी) सारखं घालायला नको म्हणून तो पाणीच पीत नाही.

चाकावरचा
सगळे तेच करतात, आणि मग लघवीचं इन्फेक्शन नाहीतर खडा होणारी संडास. पाणी दिवसभर थोडं थोडं द्या, झोपायच्या आधी कमी. एका वेळी ५०० मिलीच्या वर लघवी निघत असेल तर कॅथेटरच्या वेळा जवळ आणा.

आणि हाडांसाठी म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या आपल्या मनाने नकोत. सुरुवातीच्या महिन्यांत हाडांतलं कॅल्शियम लघवीतून जातच असतं, मुतखडा होतो. ड जीवनसत्त्व तपासून घ्या, ते बऱ्याचदा कमी निघतं.