मदत हवी आहे : इराणी शेजारी, अमेरिकन शेजारी आणि एक विसरलेला मास्तर

नमस्कार मंडळी. न्यू जर्सीत आमच्या गल्लीत दोन इराणी कुटुंबं आहेत, बाकी बहुतेक अमेरिकन. हाय-हॅलोच्या पुढे गाडी सरकत नाही. म्हणून लायब्ररीत एक संध्याकाळ ठरवतोय.

सुरुवात हॉवर्ड बास्करविलपासून करायची आहे. प्रिन्स्टनला शिकलेला हा तरुण १९०७ मध्ये इराणमधल्या तब्रीझच्या मिशन शाळेत शिकवायला गेला. शहाच्या फौजांनी शहराला वेढा घातला, लोक उपाशी मरू लागले. पठ्ठ्याने नोकरी सोडली, विद्यार्थ्यांना घेऊन घटनावाद्यांच्या (शहाच्या सत्तेवर राज्यघटनेचा लगाम हवा म्हणणाऱ्यांच्या) बाजूने लढला आणि एप्रिल १९०९ मध्ये गोळी लागून गेला. वय २४! कबर तब्रीझलाच आहे. (प्रिन्स्टन आमच्या राज्यात, तरी माझ्या अमेरिकन मित्रांना नावही माहीत नाही.)

दुसरा विषय १९९८ चा फुटबॉल विश्वचषक : फ्रान्समधल्या लिआँ शहरात झालेल्या इराण-अमेरिका सामन्याआधी इराणी खेळाडूंनी अमेरिकनांना पांढरी फुलं दिली होती.

अडचण अशी की १९५३ चा मोसद्देकविरोधी उठाव (इराणच्या पंतप्रधानांना अमेरिकेच्या मदतीने हटवलं तो) आणि १९७९ चं ओलीस प्रकरण (तेहरानच्या अमेरिकन दूतावासातल्या लोकांना ओलीस धरलं ते) टाळलं तर खोटं वाटेल, काढलं तर वाद पेटेल. असा कार्यक्रम कुणी केलाय का? हे विषय आधी घ्यावेत की जेवणानंतर?