अ‍ॅक्सोलॉटलच्या कल्ल्यांवर बुरशी, आता कातडीही सुटतेय. मिठाचं पाणी बंद करू का?

नमस्कार मंडळी. आर्वी तालुक्यातल्या (जि. वर्धा) एका खेड्यातून लिहितोय. मुलीचा अ‍ॅक्सोलॉटल (बेडकासारखाच उभयचर, पण शेपटीवाला आणि जन्मभर पाण्यातच राहणारा जीव) आजारी आहे. तालुक्याचे पशुवैद्य भला माणूस, पण त्यांचा हात बैल-बकऱ्यांवर बसलेला. फोटो पाहून म्हणाले, "भाऊ, याला अंदाजानं औषध देणार नाही मी."

बारा दिवसांपूर्वी डाव्या कल्ल्याच्या तुऱ्यावर पांढरे पुंजके दिसले. कापूस काढल्यावर सरकीला बारीक तंतू चिकटून राहतात ना, अगदी तसे. सॅप्रोलेग्निया नावाची पाण्यातली बुरशी असावी असं वाचलं. खडे मीठ, लिटरला चहाचे २ चमचे, १० मिनिटं, दिवसातून दोनदा. तिसऱ्या दिवशी पुंजके गळाले, पोरगी नाचली. दोन दिवसांत परत आले, मी परत मीठ धरलं. कालपासून पाठीची कातडी दुधावरच्या सायीसारखी सुटतेय, मागच्या पायाच्या सांध्याशी लाल चट्टा आहे. गांडूळ समोर धरलं तरी तोंड फिरवतो.

पाणी विहिरीचं. नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर असते, म्हणून ते वापरत नाही. पाणी तपासायच्या किटवर अमोनिया ०.५ आला. दुपारी टाकी २७ अंशांवर जाते. हा मेक्सिकोतल्या सोचिमिल्कोच्या थंड पाण्यातला जीव, याला १६ ते १८ हवं, आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. बर्फाच्या बाटल्या सोडतो, रात्री दोनला उठून बदलतो, पण लाईट गेली की सगळं मुसळ केरात.

मीठ चालू ठेवू का? दुकानदारानं माशांच्या बुरशीचं हिरवं औषध दिलंय, ते अजून उघडलेलं नाही.

प्रतिसाद:
दादा, मीठ आजच थांबवा. इतके दिवस मीठ म्हणजे त्याच्या कातडीला भाजल्यासारखंच. हिरव्या बाटलीवर मॅलेकाइट ग्रीन किंवा फॉर्मालिन लिहिलं असेल तर अजिबात नको. यांची कातडी सगळं आत शोषते. ०.५ अमोनियानंही कातडी जळते, तो शून्यच हवा. टाकीतून काढून झाकणाच्या डब्यात ठेवा, झाकणाला भोकं पाडा आणि रोज सगळं पाणी बदला. तापमान हळूहळू उतरवत डबा फ्रिजमध्ये न्या, ५ ते ८ अंश. बदलायचं पाणी त्याच फ्रिजमध्ये गार करून ठेवा. गारव्यात बुरशी मंदावते. भूकही कमी होते, म्हणून खाण्यासाठी मागे लागू नका. लाल चट्टा मात्र बुरशीचा वाटत नाही, जंतूंचा असू शकतो. त्याला अँटिबायोटिक लागेल, ते डॉक्टरांकडूनच. नागपूरला सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात आधी फोन करून विचारा.

धागाकर्ता:
ताई, मनापासून आभार. मीठ बंद केलं. बाटलीवर मॅलेकाइट ग्रीनच आहे, परत करतो. डबा आता १५ अंशांवर आलाय, रात्रीपर्यंत फ्रिजमध्ये जाईल. बायकोनं खालचा कप्पा रिकामा करून दिला, दूध शेजारी ठेवलं. उद्या सकाळी नागपूरला फोन लावतो. एक सांगा, लाईट चार-पाच तास गेली तर फ्रिज तसाच बंद ठेवू, की डबा माठाजवळ ओल्या गोणपाटात काढू?