रात्रीच्या ओलितासाठी पोटात टिकणारा प्रोटीन शेक: केसीन घ्यावं की घरचं काही?

ओलितवाला (यवतमाळ)
हरभरा-गव्हाचं ओलित सुरू आहे आणि लाईन रात्रीची. जेवण आठला, शेतात दहा ते पहाटे पाच. एक वाजला की पोट कोरायला लागतं, मग बिस्किटाचा पुडा आणि गोड चहा. वय 36, वजन 74 किलो, पोट सुटलेलं. मेडिकलमध्ये प्रोटीन पावडरीचे तीन डबे दाखवले: व्हे, केसीन आणि तिसरा 'स्लो रिलीज ब्लेंड' (हळू सुटणारं मिश्रण). केसीन खरंच जास्त वेळ टिकतं का? पाण्यात चालतं का? घरी म्हशीचं आणि गाईचं दूध, फुटाणे, जवस, सोयाबीन सगळं आहे. त्यातूनच काही होत असेल तर डबा काहून घ्यायचा?

रईवाला (वर्धा)
भाऊ, केसीन हळू पचतं हे खरं. काहून, ते समजलं की डबा ओळखता येते.

दुधातल्या प्रोटीनपैकी साधारण 80 टक्के केसीन आणि 20 टक्के व्हे. दुधात लिंबू पिळलं की जे फाटून गोळा होतं ते केसीन, आणि वर जे पिवळट-हिरवट पाणी राहतं त्यात व्हे. पोटातही तेच होते. आम्लता वाढून पीएच 4.6 च्या आसपास आला की केसीनचा दह्यासारखा गठ्ठा बनतो. तो पोटातून थोडा-थोडा सुटतो, म्हणून त्यातली अमिनो आम्लं (प्रोटीन पचून होणारे तुकडे) रक्तात सहा-सात तास येत राहतात. व्हे पाण्यासारखं राहतं आणि लवकर पुढं सरकतं.

पण डब्यावर 'केसीन' लिहिलं एवढ्यावर जाऊ नका. 'मायसेलर केसीन' म्हणजे दुधातली मूळ रचना शाबूत असलेलं, गठ्ठा त्याचाच नीट बनतो. 'कॅल्शियम केसिनेट' अल्कलीने विरघळवलेलं असते, ते तुलनेनं लवकर पचतं. 'ब्लेंड'च्या डब्यावर घटकांची यादी वाचा. जे वजनानं सगळ्यात जास्त ते पहिलं लिहावं लागते. पहिलंच व्हे कॉन्सन्ट्रेट आणि केसीन शेवटी असेल, तर 'स्लो' हे फक्त नाव.

आता अवघड गोष्ट. हळू पचणं आणि भूक न लागणं एकच नाही. पहिल्या तासा-दीड तासात व्हेही भूक चांगली दाबतं, केसीनचा उपयोग त्यानंतर. आणि या दोघांतल्या फरकापेक्षा एका वेळी किती प्रोटीन गेलं आणि शेक किती दाट आहे यानं जास्त फरक पडतो. 12 ग्रॅमचा पातळ शेक कोणत्याही डब्याचा घ्या, दोन वाजता पोट ओरडणारच. 25 ग्रॅमच्या खाली येऊ नका.

पाण्यात चालतं. 30 ग्रॅम पावडरीला 250 मिली पाणी. आधी पाणी, मग पावडर. उलटं केलं तर बुडाशी लेप बसतो आणि कितीही हलवा, सुटत नाही. हलवून पाच मिनिटं ठेवा, परत हलवा. केसीन पाणी प्यायला वेळ घेते, लगेच प्यालं तर खडूसारखं लागते. 150 मिलीत केलं तर खीर होते, ती चमच्यानं खा. भुकेसाठी तेच बरं.

जवस_फुटाणे (अमरावती)
डबा न घेता एका माणसाचं माप:

गाईचं उकळून कोमट केलेलं दूध 250 मिली, म्हणजे 8 ग्रॅम प्रोटीन. साय काढलेल्या दुधाची पावडर 25 ग्रॅम, म्हणजे जवळपास 9 ग्रॅम. साल काढलेल्या फुटाण्यांचं पीठ 30 ग्रॅम, म्हणजे 6 ते 7. भाजून कुटलेला जवस 10 ग्रॅम, म्हणजे 2. एकूण 25 च्या आसपास. यातलं दूध आणि दूध पावडर मिळून 17 ग्रॅम होते आणि त्यात पाचातले चार भाग केसीनच आहे, ते पण डब्याच्या भावापेक्षा कितीतरी स्वस्तात. हिशोब करायचा तर डब्याची किंमत डब्यातल्या एकूण प्रोटीनच्या ग्रॅमनं भागा. 75 टक्केवाल्या एका किलोत 750 ग्रॅम असते, दूध पावडरीच्या किलोत साधारण 350. मग दोन्ही भाव शेजारी ठेवून बघा.

साखर टाकू नका. वेलची, चिमूटभर मीठ पुरते.

पीठ थेट कढत दुधात टाकलं की गोळ्या होतात: बाहेरचा थर फुगून बसतो, आतलं कोरडंच राहते. आधी चार चमचे थंड पाण्यात दूध पावडर आणि पीठ कालवा, मग कोमट दूध ओता. लाईन नसली तरी अडत नाही, मिक्सर लागत नाही, गंजात रईनं दोन मिनिटं घुसळलं की झालं. जवस अख्खा टाकला तर तसाच बाहेर पडते, कुटायलाच हवा. कुटलेला आठवडाभराचाच ठेवा, नंतर खवट वास येते.

अजून दाट हवं असेल तर इसबगोल, 2 ग्रॅमपासून सुरू करून 5 पर्यंत. ते पिण्याच्या क्षणीच टाका, दहा मिनिटं ठेवलं तर खळीसारखं घट्ट होते. वरून गडवाभर पाणी प्यायचंच. कोरडं किंवा कमी पाण्यात घेतलं तर घशात फुगून अडकू शकते.

काळी_माती (अकोला)
सोयाबीनबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून. कच्च्या सोयाबीनचं पीठ शेकमध्ये टाकू नका. त्यात ट्रिप्सिन इनहिबिटर असते, ते प्रोटीन पचवणारं एन्झाइमच अडवते. पोट जड राहते, पण ते 'टिकणं' नव्हे. आठ-दहा तास भिजवा, साल काढा, निदान वीस मिनिटं उकळा, मग वाटा. नुसतं वरवर भाजून दळलेलं भरवशाचं नाही. कच्चं वाटताना येणारा हिरवट वासही उकळत्या पाण्यात वाटल्यानं कमी होते.

दुसरं, बेसन किंवा डाळीचं पीठ सुटं विकत घेत असाल तर सांभाळा. त्यात लाखोळीच्या डाळीची भेसळ होऊ शकते. लाखोळीत ओडॅप नावाचं विष असते. महिनोन्महिने भरपूर पोटात गेलं तर पायांची ताकद जाते. रोजच्या शेकमध्ये जायचं पीठ घरच्या हरभऱ्याचे फुटाणे करून स्वतःसमोर दळून आणा.

ओलितवाला (यवतमाळ)
ताई-भाऊंनो, आभार. अमरावतीचं माप दोन रात्री केलं. चव चांगली, तीन वाजेपर्यंत भूक नाही. पण पोटात गुडगुड, गॅस. पीठ कच्चं राहिलं का?

रईवाला (वर्धा)
पीठ कच्चं नाही, फुटाणा भाजलेलाच असते. हे दुधातल्या साखरेचं, म्हणजे लॅक्टोजचं, काम दिसते. 250 मिली दुधात 12 ग्रॅम लॅक्टोज, 25 ग्रॅम दूध पावडरीत जवळपास 13. एका दमात 25 ग्रॅम लॅक्टोज बऱ्याच मोठ्या माणसांना झेपत नाही. वर हरभऱ्याच्या काही शर्कराही आतड्यात आंबतात.

दूध पावडर बंद करा. तिच्याऐवजी 50 ग्रॅम पनीर दुधात कुस्करून घुसळा, 9 ग्रॅम प्रोटीन तेवढंच येते आणि लॅक्टोज बहुतेक पनीरच्या पाण्यासोबत निघून गेलेलं असते. फुटाण्याचं पीठ आठवडाभर 15 ग्रॅमवर आणा. तरीही गॅस राहिला तर मग मायसेलर केसीनचा डबा घ्यायला कारण आहे, त्यात लॅक्टोज अगदी कमी असते.

आणि खरं विचाराल तर शेकच हवा का? 100 ग्रॅम पनीर आणि मूठभर फुटाणे, म्हणजे 24 ग्रॅम. चावून खाल्लेलं प्यालेल्यापेक्षा जास्त टिकतं. एक लिटर म्हशीच्या दुधात साधारण 200 ग्रॅम पनीर निघते. फक्त म्हशीच्या दुधाची साय काढली नाही तर 100 ग्रॅम पनीरमध्येच तीनशेच्या आसपास कॅलरी जातात. पोट कमी करायचं असेल तर आधी साय काढा.

जवस_फुटाणे (अमरावती)
वेळही बदला. भूक लागल्यावर एकला नको, साडेबाराला घ्या. जेवणाला लागून आठला घेतलं तर जेवणात फक्त भर पडते. तुमच्या 74 किलोला आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 0.83 ग्रॅम प्रति किलो या मापानं दिवसाला 61 ग्रॅम प्रोटीन येते, कष्टाच्या कामात थोडं जास्त. शेकचे 25 त्यातच धरा.

थंडीच्या रात्री दूध दोन-तीन तास टिकते, मार्चनंतर नाही. तेव्हा बाटलीत कोरडं मिश्रण न्या आणि घरून आणलेलं उकळलेलं पाणी ऐनवेळी टाका.

काळी_माती (अकोला)
डबा घेतलाच तर: 14 आकडी एफएसएसएआय (केंद्राचं अन्न सुरक्षा प्राधिकरण) क्रमांक फूड सेफ्टी कनेक्ट ॲपवर टाकून बघा. घटकांत ग्लायसीन किंवा टॉरीन वेगळं लिहिलेलं असेल तर सोडा, प्रोटीन नायट्रोजनवरून मोजतात, आणि ते नायट्रोजन वाढवून प्रोटीनचा आकडा फुगवते. माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेलं कार्बोहायड्रेट) पहिल्या दोन नावांत असेल तर तो गेनर, म्हणजे वजन वाढवायची पावडर आहे, तुम्हाला नको.

किडनीचा त्रास, बीपी किंवा शुगर असेल तर आधी ग्रामीण रुग्णालयात क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) तपासा. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन सुरू असेल तर रात्रीचं जेवण काढून शेक ठेवायचा निर्णय डॉक्टरांना विचारूनच. थायरॉइडच्या गोळीपासून दूध आणि इसबगोल चार तास लांब, लोहाच्या गोळीपासून दोन.

बाटली आधी थंड पाण्यानं विसळा, मग कोमट पाणी आणि साबण. थेट कढत पाणी टाकलं तर दुधाचा थर झाकणाच्या आट्यांत शिजून बसते, आणि मग तो वास जात नाही.