सिल्हूट चांगला आला म्हणून गट खरे ठरत नाहीत

ताई, दुष्काळाच्या अभ्यासासाठी अथणी आणि खानापूरच्या उसाच्या पानांतल्या जनुकांचे, ती किती सक्रिय आहेत त्यावरून, सहा गट पडले आणि सरासरी सिल्हूट (गटांची गुणवत्ता मोजणारा निर्देशांक) ०.६ आला, म्हणजे काम झालं, असं वर लिहिलंय तुम्ही. मला इथे थांबावंसं वाटतं. सिल्हूट -१ ते १ मध्ये असतो आणि गट किती घट्ट नि किती वेगळे एवढंच सांगतो. ते कशामुळे घट्ट झाले, हे तो सांगत नाही. उसात तर एकेका जनुकाच्या जवळजवळ सारख्या अनेक प्रती असतात. एका प्रतीचे रीड्स (यंत्राने वाचलेले आरएनएचे तुकडे) दुसरीच्या खात्यात पडले की दोघींचे सक्रियतेचे आकडे एकत्रच चढतात-उतरतात, आणि सिल्हूट फुगतो. अशा प्रती आधी एकत्र करा, मग सिल्हूट काढा. सरासरीवर न थांबता ऋण मूल्याची, म्हणजे आपल्या गटापेक्षा दुसऱ्याच गटाला जवळ असलेली, जनुकं कोणत्या गटात साचलीत तेही बघा.

त्याहून मोलाची वाटते ती २००१ मधली युंग, हेनर आणि रुझो यांची पद्धत: एक स्थिती (ज्या परिस्थितीत नमुने घेतले त्यांतली एक) बाजूला ठेवायची, उरलेल्यांवर गट पाडायचे आणि एकाच गटातली जनुकं त्या झाकलेल्या स्थितीतही जवळपास वागतात का ते तपासायचं. फक्त झाकताना त्या स्थितीचे सगळे रेप्लिकेट (त्याच स्थितीचे पुन्हा घेतलेले नमुने) झाका. एक जरी आत राहिला तरी उत्तर आधीच फुटलेलं असतं.

आणि अथणीचा आरएनए एका दिवशी, खानापूरचा दुसऱ्या दिवशी काढला असेल, तर दुष्काळाचा परिणाम आणि बॅचचा (कोणत्या दिवशी काम केलं त्याचा) परिणाम वेगळे करणं कुठल्याच निर्देशांकाला जमणार नाही. नमुने कसे काढले, ते आधी सांगा.