जव्हार-मोखाड्यात आहाराची विविधता मोजताना रानभाज्या, सुकट कशात धरायचं?

प्रश्न : सर्वेक्षण_पालघर
वारली, कोकणा, महादेव कोळी शेतकरी घरांतल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांचा आदल्या दिवसाचा आहार नोंदवायचा आहे. त्या दिवशी दहापैकी किमान पाच अन्नगट खाल्ले तर आहार पुरेसा विविध, हा निकष माहीत आहे. पण उत्तर येतं ते 'नागलीची भाकर नि कालवण' एवढंच. गट पाडायचे कसे?

रानवाट
गटांची यादी वाचून दाखवू नका, बायका हो-हो म्हणत जातात. उठल्यापासून निजेपर्यंत काय खाल्लं ते क्रमाने विचारा, मग प्रत्येक पदार्थात काय घातलं ते. कालवण उडदाचं होतं की नुसतं तिखट-मिठाचं, ते तिथे कळतं.

टाकळा, कुर्डू, शेवग्याचा पाला हिरव्या पालेभाज्यांत. शेवळं, करटोली, बांबूचे कोंब, शेवग्याच्या शेंगा 'इतर भाज्यां'त. कंद आणि बटाटा भाकरीच्याच गटात, त्यांनी गट वाढत नाही. पिकलेला आंबा 'अ' जीवनसत्त्वाच्या गटात, कैरी नाही. चवळीचा पाला, ओली शेंग आणि सुका दाणा हे तीन वेगळे गट! खेकडे, सुकट मांस-मासळीत.

गटातलं सगळं मिळून निदान १५ ग्रॅम, म्हणजे साधारण मोठा चमचाभर, पोटात गेलं पाहिजे. चवीपुरती सुकट किंवा बोटभर खुरासणीची चटणी मोजली, तर आकडा फुगतो. चहातलं दूधही सोडा.

परसदार
वरच्याला जोडून. 'रानातून, ओहोळातून काय आणलं?' हे वेगळं विचाराच. रानभाजी गरिबाचं खाणं समजून पुष्कळजणी सांगत नाहीत. अंगणवाडीत खाल्लेला अमृत आहारही (गरोदर-स्तनदा बायकांना मिळणारं सरकारी योजनेचं जेवण) घरच्या जेवणात येत नाही, तो राहून जातो. आणि घरात अंडी शिजली म्हणजे तिने खाल्ली असं धरू नका. तिच्या ताटात काय पडलं, तेवढंच लिहा.

रानवाट
एकाच फेरीवर निष्कर्ष काढू नका, ही माझी कळकळीची विनंती. श्रावणात पाल्याची रेलचेल असते, एप्रिल-मेमध्ये तीच कुटुंबं वीटभट्टीवर भात नि बटाट्यावर असतात. गावातच फिरलात तर नेमकी ही घरं सुटतात, म्हणून भट्टीवर जा. आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशीच सगळ्या मुलाखती उरकल्या, तर मासळी जास्त दिसेल. दिवस विखरून घ्या. शिवाय हा निकष एकूण बायकांपैकी किती टक्के जणी पाच अन्नगटांपर्यंत पोचतात हे सांगतो, एकेकीचं कुपोषण ठरवायला वापरू नका.