पतंगाची स्लेज चढावरही जाते

'अंटार्क्टिकात वारा पठारावरून किनाऱ्याकडे वाहतो, म्हणजे पतंगाची स्लेज (मोठ्या पतंगाने ओढली जाणारी बर्फावरची घसरगाडी) फक्त उतारालाच चालणार' असं एक मत आहे, ते मला पटलं नाही. शिडाच्या होडीसारखी ती वाऱ्याला तिरपी धरून नेता येते. रामोन लारामेंदी या स्पॅनिश प्रवाशाची वाऱ्यावरची स्लेज २०१८-१९ मध्ये नोवोलाझारेव्हस्काया या रशियन तळाजवळून निघाली (आपलं 'मैत्री' केंद्र तिथून जवळच आहे) आणि पठारावरच्या ३,८०० मीटर उंचीच्या डोम फुजी या बर्फाच्या घुमटापर्यंत चढून परत आली. चौघे जण, अडीच हजार किलोमीटर, इंधनावर चालणारं इंजिन नाही. वीज सौर पॅनेलची. मात्र डोमच्या माथ्यावर वारा मंदावतो, त्यामुळे वेळापत्रक वाऱ्याच्या हाती राहतं, हे मान्यच.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती तिची बांधणी. इनुइट (आर्क्टिकमधले मूळ रहिवासी) पद्धतीप्रमाणे लाकडी पट्ट्या दोरांनी आवळलेल्या असतात. वाऱ्याने कोरलेल्या टणक बर्फाच्या लाटांवरून जाताना सगळा सांगाडा लवतो, म्हणून मोडत नाही. शिवाय वाटेत धूर नसल्यामुळे हवेचे आणि बर्फाचे नमुने स्वतःच्याच वाहनाने खराब होत नाहीत. प्रदूषणाचे सूक्ष्म अंश मोजायचे असतील तर हा फायदा इंधनबचतीहून मोठा आहे.